हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या, तरी तरुण मुलगा पळताना कोसळला: हृदयाच्या पेशींच्या जोडणीतला दोष समजून घेऊ

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातला एक तरुण विचारतोय: धाकटा भाऊ, वय २२, पोलीस भरतीची तयारी करत होता. १६०० मीटरच्या सरावात पळता पळता कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. त्याआधी दोनदा पळतानाच चक्कर येऊन पडला होता, ऊन लागलं असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या, पण उजव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीत स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू असल्याचं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, पेशींना जोडणाऱ्या भागातला दोष असावा. वडिलांना पूर्वी अटॅक येऊन गेलाय. हा दोष म्हणजे नेमकं काय, वडिलांच्या अटॅकशी त्याचा संबंध आहे का, आणि आता मी आणि माझ्या बहिणीनं काय करायचं?

तुमच्या घरावर जे ओढवलं ते वाचून फार वाईट वाटलं. बाकीचं सांगण्याआधी एक गोष्ट आजच करा. तुम्हा दोघांची तपासणी पूर्ण होईपर्यंत पळणं, कबड्डी, जिम, स्पर्धा सगळं बंद. चालणं-फिरणं, घरातली कामं चालतील. बहीणसुद्धा भरतीची तयारी करत असेल तर तिचाही सराव थांबवा. कारण पुढे येईल.

आपल्याकडे माणूस अचानक गेला की 'झटका आला' म्हणतात आणि झटका म्हणजे ब्लॉकेज, हे डोक्यात पक्कं बसलंय. मग नळ्या मोकळ्या निघाल्या की घरचे गोंधळून जातात. कोणी म्हणतं काही खाल्लं असेल, कोणी म्हणतं बाहेरचं झालं. पण रक्तवाहिन्या म्हणजे हृदयाला होणारा पुरवठा. प्रत्यक्ष काम करतात त्या स्नायूंच्या पेशी. दिवसाला लाखभर वेळा त्यांना एकाच लयीत आखडावं लागतं. त्यासाठी प्रत्येक पेशीला शेजारची पेशी घट्ट धरून ठेवावी लागते आणि विजेचा इशारा तिच्याकडे वेळेवर पोचवावा लागतो. ही दोन्ही कामं पेशींच्या टोकाशी, जिथे एक पेशी संपून दुसरी सुरू होते तिथे होतात. त्या जागेला इंटरकॅलेटेड डिस्क म्हणतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती आडव्या गडद रेघेसारखी दिसते. हृदयाचा स्नायू म्हणजे पेशींच्या सीमा नसलेला एकसंध गोळा आहे, असं बराच काळ मानलं जायचं. १९५४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं की या रेघा म्हणजे दोन पेशींमधल्या सीमा आहेत.

या सीमेवर दोन प्रकारच्या जोडण्या आपल्या कामाच्या. पहिली गॅप जंक्शन. एरवी दोन पेशींच्या पडद्यांमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते, इथे ती २ ते ४ नॅनोमीटरवर येते आणि त्यातून बारीक नळ्या आरपार जातात. एका पेशीची ६ आणि शेजारणीची ६ अशी १२ प्रथिनं मिळून एक नळी होते. या प्रथिनाचं नाव कनेक्सिन. खालच्या कप्प्यांत मुख्यतः कनेक्सिन ४३ असतं, वरच्या कप्प्यांत त्याच्या जोडीला कनेक्सिन ४०. विद्युतभार असलेले कण या नळ्यांतून शेजारच्या पेशीत जातात आणि ठोक्याचा इशारा पुढे सरकतो.

शेतात दारं धरलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं ते मोडलेल्या दाऱ्यातून. निरोगी हृदयात ही दारं पेशींच्या टोकाला गर्दीनं असतात, बाजूला कमी. म्हणून इशारा स्नायूच्या लांबीच्या दिशेनं भरभर जातो आणि आडवा जाताना बराच मंद असतो. आजारी हृदयात टोकाची दारं बुजतात आणि भलतीकडे, पेशीच्या कुशीला उघडतात. पाणी तेवढंच, पण ते वेळेवर पुढे जात नाही. रेंगाळतं, वाकडंतिकडं फिरतं आणि कधी कधी वळसा घालून आधी भिजलेल्या वाफ्यात परत शिरतं. हृदयात इशारा असा परत फिरला की त्याला री-एन्ट्री म्हणतात. जीवघेण्या वेगवान ठोक्यांचं, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचं, ते फार मोठं कारण आहे.

कनेक्सिन टिकाऊ प्रथिन नाही. निम्मं प्रथिन काही तासांतच मोडतं आणि पेशी त्या जागी नवं बनवून आणून बसवते. म्हणजे ही जोडणी रोज नव्यानं उभी राहते. ताण, सूज, प्राणवायूची कमतरता यांपैकी कशानंही बनवणं किंवा नेऊन बसवणं बिघडलं, तर परिणाम वर्षांनी दिसत नाही, तासा-दिवसांत दिसू शकतो. दिलासा एवढाच की निसर्गानं इथे भरपूर राखीव ठेवलंय. उंदरांवरच्या प्रयोगांत कनेक्सिन ४३ निम्म्यावर आणलं तरी इशाऱ्याचा वेग फारसा घटला नाही. पण फक्त हृदयातून ते जवळजवळ पूर्ण काढून टाकलं, तेव्हा हृदय दिसायला नीट, पंपाची ताकद नीट, आणि तरी ते उंदीर साधारण दोन महिन्यांच्या आत लय बिघडून अचानक मेले. हा प्रयोग २००१ सालचा. 'इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे म्हणजे काळजी नाही' असं कोणी म्हटलं की मी हाच प्रयोग सांगतो. पंप ठीक असणं आणि लय सुरक्षित असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी जोडणी डेस्मोसोम, आणि तुमच्या भावाच्या अहवालाचा धागा बहुधा इथेच आहे. डेस्मोसोमचं काम ताकदीचं, दोन पेशी एकमेकींपासून फाटू न देण्याचं. प्लाकोफिलिन-२, डेस्मोप्लाकिन, डेस्मोग्लाइन-२, डेस्मोकोलिन-२, प्लाकोग्लोबिन अशी पाच प्रथिनं मिळून हा बंध बनतो. यांपैकी एखाद्याच्या जनुकात जन्मजात बिघाड असला की बंध कच्चा राहतो. लहानपणी काहीच कळत नाही. पण प्रत्येक ठोक्याला ओढ बसते, जोरात पळताना ती कितीतरी वाढते, आणि उजव्या खालच्या कप्प्याची भिंत मुळात पातळ असल्यानं सगळ्यात आधी तिथल्या पेशी सुटायला लागतात. हृदयाच्या पेशी नव्यानं जवळजवळ होतच नाहीत, म्हणून मेलेल्या पेशींच्या जागी चरबी आणि तंतू भरतात. तुमच्या कागदावर लिहिलंय ते हेच. आजाराचं नाव ॲरिथमोजेनिक कार्डिओमायोपथी. डावा कप्पाही त्यात सापडू शकतो.

पण चरबी भरेपर्यंत वाट बघावी लागते असं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. इंटरकॅलेटेड डिस्कवर सगळं एकमेकांच्या आधारानं बसलेलं असतं. डेस्मोसोम ढासळला की शेजारची गॅप जंक्शनं जागेवर राहत नाहीत, कनेक्सिन ४३ घटतं, सोडियमचा प्रवाह पेशीत आणणारी दारंही कमी पडतात. म्हणजे भिंत अजून धडधाकट, इको साफ, आणि वीज मात्र बिघडलेली. या टप्प्यातही पहिलंच लक्षण मृत्यू असू शकतं. तरुण वयात, जोराचे कष्ट करताना. दोष घेऊन जन्मलेल्यांत जे जास्त काळ आणि जास्त जोराचा व्यायाम करतात त्यांच्यात आजार लवकर दिसतो आणि लय जास्त वेळा बिघडते, हे आता नीट सिद्ध झालंय. सुरुवातीला पळणं बंद करा म्हणालो ते यासाठी.

चक्कर येण्याबद्दल इथेच बोलतो, कारण आपल्या भागात मार्च ते जूनमध्ये भरतीचा सराव करणारी शेकडो मुलं मैदानावर असतात. उन्हात बराच वेळ उभं राहून किंवा पळणं संपवून एकदम थांबल्यावर चक्कर येणं बहुतेक वेळा साधं असतं. पण ऐन पळताना, वेग असताना, काही कळायच्या आत धाडकन पडणं साधं समजायचं नाही. त्या मुलाला लिंबू-सरबत पाजून पुन्हा ट्रॅकवर उभं करू नये. ईसीजी आणि इको झाल्याशिवाय त्यानं पळू नये. भरती अकादम्या चालवणाऱ्यांनी एवढा एक नियम पाळला तरी काही लेकरं वाचतील. आणि मैदानावर कोणी कोसळला, हाक मारून उठेना आणि श्वास नीट नसेल, तर त्याला गाडीत घालायची घाई करण्याआधी छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. विजेचा झटका देणारं एईडी यंत्र प्रत्येक भरती मैदानावर असायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या आजाराचा एक प्रकार आपल्या भागात मुद्दाम शोधायला हवा. ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावरच्या काही कुटुंबांत १९८६ साली डॉक्टरांनी नोंदवलं की जन्मापासून लोकरीसारखे दाट कुरळे केस आणि लहानपणीच जाड झालेली तळहात-तळपायांची कातडी असलेल्यांना हाच हृदयरोग होतो. २००० साली त्यामागचा प्लाकोग्लोबिनचा दोष सापडला. इक्वेडोरमधल्या अशाच कुटुंबांत डेस्मोप्लाकिनचा दोष निघाला. केस, कातडी आणि हृदय एकत्र का, तर कातडीच्या पेशींनाही हेच डेस्मोसोम धरून ठेवतात. हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे त्याची शक्यता वाढते, आणि मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. भारतातही अशा रुग्णांची नोंद झालेली आहे. ओपीडीत असं मूल समोर आलं की मी हात उलटे करून बघतो. कष्टाचे घट्टे जिथे खुरपं किंवा कोयता घासतो तिथेच असतात. या आजारात पिवळसर जाड कातडी वर्ष-दोन वर्षांच्या लेकरालाही असते, मूल चालायला लागलं की तळपायावर दाबाच्या जागी दिसते, आणि घरात बाकीच्यांचे केस सरळ असताना त्याचे मात्र विंचरता येणार नाहीत असे असतात. असं लेकरू त्वचारोगाच्या ओपीडीत मलम घेऊन परत जातं. त्याचा ईसीजी निघायला हवा. तुमच्या घरात कोणाचे केस-कातडी अशी आहेत का, आई-वडील नात्यातले आहेत का, हे तपासणीला जाताना सांगा.

आता वडिलांचं. त्यांचा अटॅक हा बहुधा रक्तवाहिनीचा, म्हणजे वेगळा आजार. भावाच्या जाण्याचा त्याच्याशी थेट संबंध असेलच असं नाही. पण एक लक्षात घ्या, अटॅकमध्येसुद्धा माणूस बऱ्याचदा दगावतो तो याच जोडण्यांमुळे. रक्त थांबलं की पेशीतली ऊर्जा संपते, आम्ल वाढतं, कॅल्शियम साचतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत साधारण १० ते २० मिनिटांत गॅप जंक्शनं बंद व्हायला लागतात. बंद होण्यात एक शहाणपण आहे: मरणाऱ्या पेशीतलं विष शेजारणीत जात नाही. नेदरलँड्समधल्या यूट्रेक्टमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञ एंगलमन यांनी १८७७ सालीच कापलेल्या हृदयावर हे पाहिलं होतं आणि लिहिलं होतं की हृदयाच्या पेशी एकत्र जगतात पण एकेकट्या मरतात. मात्र त्या काही मिनिटांत काही दारं बंद, काही उघडी असा गोंधळ असतो, इशारा अडखळतो आणि हृदय फडफडायला लागतं. गावात छातीत दुखल्यावर सोडा पिऊन, पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट बघतात. त्यातला पहिला तास असा धोक्याचा असतो.

अटॅक निभावला तरी जखमेच्या जागी वण राहतो. वणाच्या काठावर जिवंत पेशींचे धागे तंतूंमधून नागमोडी जातात, त्यांची कनेक्सिनं कमी झालेली आणि कुशीला सरकलेली असतात. इशारा तिथून सावकाश वाट काढतो आणि परत फिरायला त्याला आयती जागा मिळते. म्हणून अटॅकनंतर वर्षांनीही लय बिघडू शकते. वडिलांच्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं, ते किती आहे बघा. औषधं नीट चालू असूनही ते ३५ टक्के किंवा त्याखाली असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला आयसीडीबद्दल, म्हणजे शरीरात बसवायच्या आणि लय बिघडताच आपोआप विजेचा झटका देणाऱ्या यंत्राबद्दल, विचारा. ठोके मंद करणारे बीटा ब्लॉकर आणि हार्ट फेल्युअरच्या बाकीच्या गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करू देऊ नका. हृदय फुगत जातं तेव्हा या जोडण्या आणखी विस्कटतात, आणि ते फुगणं याच गोळ्या रोखतात.

    

तुम्हा दोघा भावंडांनी आणि आई-वडिलांनीही काय करायचं ते आता सांगतो. नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोष येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मिळाला म्हणजे आजार होईलच असंही नाही. एकाच घरात एकजण विशीत जातो आणि त्याच दोषाचा दुसरा साठी ओलांडतो.

सुरुवात साध्या ईसीजीनं करा, पण तो नीट काढून घ्या. छातीवर लावायचे पहिले दोन इलेक्ट्रोड, व्ही १ आणि व्ही २, चौथ्या फासळीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना लागले पाहिजेत. घाईत ते वर लावतात आणि चित्र बदलतं. चौदा वर्षांवरच्या माणसात व्ही १ ते व्ही ३ मध्ये टी लाट (ठोक्यानंतर स्नायू पूर्ववत होतानाची रेघ) उलटी दिसली की आम्ही सावध होतो. त्याच लीड्समध्ये क्यूआरएस, म्हणजे खालचे कप्पे जागे होतानाची मोठी रेघ, संपल्यावर, टी सुरू होण्याआधी, कधी एक बारीक दातेरी लाट दिसते. तिला एप्सिलॉन म्हणतात. उजव्या कप्प्यातला जो भाग तुटक जोडण्यांमुळे उशिरा जागा झाला, त्याची ती खूण. यंत्राचा फिल्टर ४० हर्ट्झवर ठेवलेला असेल तर ती पुसली जाऊ शकते, म्हणून फिल्टर १५० वर ठेवायला सांगा. त्यानंतर इको, चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर आणि शक्यतो हृदयाचा एमआरआय. होल्टरमध्ये दिवसात खालच्या कप्प्यांतून ५०० पेक्षा जास्त जादा ठोके आले तर आजाराच्या निकषांत ते धरले जातात. एमआरआयसाठी तुम्हाला छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जावं लागेल, आणि तो हृदयाचा एमआरआय रोज वाचणाऱ्यानं वाचलेला हवा. चरबी दिसली एवढ्यावर निदान करू नये, ती निरोगी माणसातही थोडी असते.

सगळं नॉर्मल आलं तरी एकदाच करून फाइल मिटवू नका. दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण आजार बहुधा विशी ते चाळिशीत उघड होतो. इथेच जनुकीय चाचणीचा खरा उपयोग आहे. मात्र ती भावापासून सुरू व्हायला हवी. शवविच्छेदनाच्या वेळी हृदयाचे तुकडे पॅथॉलॉजीत किंवा रक्ताचा नमुना ठेवलेला आहे का, हे लगेच विचारा. उशीर झाला तर नमुना नष्ट होऊ शकतो. त्यात दोष सापडला तर तुम्हा सगळ्यांमध्ये तेवढाच एक दोष शोधायचा असतो आणि ज्याच्यात तो नाही त्याची टांगती तलवार कायमची जाते. भावाचा नमुना नसेल तर नकारात्मक अहवालावर विसंबता येत नाही.

तुमच्यापैकी कोणात आजार निघाला तर स्पर्धात्मक आणि दमवणारा व्यायाम कायमचा बंद, बीटा ब्लॉकर सुरू, गरजेप्रमाणे लय सांभाळणारं सोटॅलॉल किंवा अमिओडॅरोन हे औषध, कधी ॲब्लेशन, म्हणजे लय बिघडवणारी जागा नळीतून जाळणं. ज्याला धोका जास्त, म्हणजे न सांगता बेशुद्ध पडणं, नोंदवलेला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया किंवा एकदा बंद पडून पुन्हा सुरू केलेलं हृदय, त्याला आयसीडी. आजार बरा करणारं औषध अजून नाही. गॅप जंक्शनं उघडी ठेवणारी पेप्टाइड्स (प्रथिनांचे छोटे तुकडे) तपासून झाली, त्यांतून बाजारात येईल असं औषध निघालं नाही. प्लाकोफिलिन-२ चं निरोगी जनुक हृदयात पोचवण्याच्या चाचण्या परदेशात माणसांवर सुरू झाल्या आहेत, पण त्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. कोणी आत्ताच पैसे घेऊन असा उपचार देतो म्हणाला तर जाऊ नका.

आयसीडीचा खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले योजनेत तो कितपत बसतो, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या आणि मगच तारीख ठरवा. सोबत भावाचा शवविच्छेदन अहवाल, हिस्टोपॅथॉलॉजीचा (हृदयाच्या तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा) कागद, वडिलांचे जुने ईसीजी-इको, आणि कागदावर काढलेली तीन पिढ्यांची वंशावळ घ्या. कोण कोणत्या वयात आणि काय करताना गेलं ते त्यात लिहा: विहिरीत पोहताना बुडालेला चुलता आणि गाडी आदळून गेलेला आतेभाऊ हेही. बहिणीचं लग्न ठरत असेल तर तिची तपासणी त्याआधी करून घ्या. बाळंतपण बहुतेक अशा बायका नीट पार पाडतात, पण हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना आधीपासून माहीत असलं तरच.